दाद ओळीला की माणसाला? : हौशी कवींच्या देवघेवीविषयी

१

गेली काही वर्षे मी व्हॉट्सॲपवरच्या एका काव्यसमूहाचा सभासद आहे आणि अधूनमधून त्याचा परीक्षकही. महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असे समूह आपणहून शोधत येतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास समूहप्रमुखांकडून 'आजचा विषय' येतो. पाऊस, आई, बळीराजा, तू गेल्यावर. सोबत प्रकारही सांगितलेला असतो : अष्टाक्षरी, शेलचारोळी, अभंग, कधी मुक्तछंद. दुपारपर्यंत रचना येत राहतात. प्रत्येक रचनेखाली जोडलेले हात, फुले, उठलेले अंगठे आणि 'अप्रतिम', 'निःशब्द', 'खूप सुंदर ताई' यांची रांग लागते. रात्री नऊला निकाल. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, लक्षवेधी अशा पायऱ्या इतक्या, की रिकाम्या हाताने सहसा कोणी परतत नाही. रंगीत सन्मानपत्रावर कवीचा फोटो असतो आणि खाली परीक्षकाची सही.

आमच्या साहित्यवर्तुळात या समूहांचा विषय निघाला की हसू पिकते. मीही त्या हसण्यात सामील झालेलो आहे. पण गेल्या वर्षी असे काही घडले की माझे हसू माझ्यापाशीच अडकले. या लेखाचे कारण ते आहे, म्हणून ते आधी सांगतो.

तासगाव तालुक्यातल्या एक निवृत्त अंगणवाडी सेविका आमच्या समूहात लिहितात. त्यांनी आपल्या कवितांचा छोटा संग्रह काढायचे ठरवले आणि 'चार शब्द' लिहून द्यावेत म्हणून त्या माझ्याकडे वही घेऊन आल्या. छापायच्या कविता मोबाइलवर होत्या. वहीत कच्चे खर्डे होते. 'आई' या विषयावरची त्यांची अष्टाक्षरी मला आठवत होती, कारण तिला 'सर्वोत्कृष्ट' मीच दिले होते. सागर, जागर, घागर अशी यमके, आईच्या थोरवीची सहा कडवी, मात्रेला मात्रा आणि अक्षराला अक्षर. वहीत त्याच कवितेच्या आरंभी आणखी एक कडवे होते. काट मारलेले. त्यांच्या परवानगीने ते इथे देतो :

चष्म्याची काडी तुटली,
दोरा ओवून बांधली;
उरलेल्या दोऱ्याने तिने माझ्या झग्याची
फाटकी बाही सांधली.

"हे का काढलंत?" मी विचारले.

"ते नियमात बसत नव्हतं ना, सर," त्या म्हणाल्या. "समूहात टाकलं होतं की सकाळी. तिसरी ओळ लांब झाली म्हणून सांगितलं. मग कडवंच काढलं आणि दुसरं घातलं. तुम्ही हात जोडले होते त्याला."

त्या गेल्यावर मी मोबाइलवर मागे मागे जाऊन पाहिले. ते खरे होते. सकाळी आठच्या सुमारास हे कडवे समूहावर आले होते. त्याखाली पुष्कळ फुले होती, 'नियमात बसवा' अशी एक सूचना होती आणि माझे जोडलेले हात होते. संध्याकाळी नवी रचना आली, तिच्याखाली तितकीच फुले पडली, आणि रात्री मी तिला सन्मानपत्र दिले. जिवंत कडवे आणि त्याच्या जागी आलेले मृत कडवे यांना एकाच दिवसात एकाच माणसाने सारखेच हात जोडले. तो माणूस म्हणजे आयुष्यभर कविता शिकवणारा मी.

मग मी बोटांवर अक्षरे मोजली. 'चष्म्याची काडी तुटली' : आठ. 'दोरा ओवून बांधली' : आठ. 'फाटकी बाही सांधली' : आठ. बांधली-सांधली हे यमकही चोख. अडचण फक्त तिसऱ्या ओळीची. ती 'उरल्या दोऱ्याने माझी' अशी केली की आठ अक्षरे होतात आणि अर्थाचा एक धागाही सुटत नाही. म्हणजे नियमाच्या अंगानेही दोन मिनिटांचे काम होते. ते कोणीच केले नाही. मीही नाही.

चारचौघांत इतकी उघड असलेली ओळ कोणाला दिसली कशी नाही? समूहातल्यांना कविता कळत नाही हे उत्तर सोपे आहे, पण मला ते लागू पडत नाही असे निदान मी तरी म्हणू इच्छितो. म्हणून मी उत्तर दुसरीकडे शोधले : कवितेला प्रतिसाद देण्याच्या आपल्या जुन्या रीतींत, आणि त्या रीतींचे मोबाइलवर काय झाले यात.

२

कवीने कविता ऐकवायची आणि बरोबरीच्या कवींनी तिला काहीतरी परत द्यायचे, ही गोष्ट मोबाइलने शोधलेली नाही. आपल्याकडे तिच्या तीन रीती दिसतात. त्यांना मी दाद, दुरुस्ती आणि जोड म्हणेन.

दादेचे सर्वांत घडीव रूप मुशायऱ्यात आहे. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो. जाणते श्रोते ती ओळ उचलून पुन्हा म्हणतात; याला मिसरा उठवणे म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या ओळीची उत्कंठा वाढते आणि ती आल्यावर 'वाहवा' होते किंवा 'मुकर्रर' म्हणून शेर पुन्हा मागितला जातो. शेर पडला तर मैफल गप्प राहते. त्या गप्पपणालाही अर्थ असतो. घरी जाताना शायराला ठाऊक असते की आपला कोणता शेर उठला आणि कोणता पडला. 'तुमची गझल छान होती' असे त्याला कोणी सांगावे लागत नाही. सांगितले तरी त्याला त्याची फारशी किंमत नसते.

मराठीत कवितेच्या जाहीर दादेला मोठे वळण खानदेशात मिळाले. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि त्याच जळगावात १९०७ मध्ये कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणतो काय, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याला 'बालकवी' म्हणून गौरवतात काय, आणि ते नाव मराठी कवितेत कायमचे राहते काय! आमच्या समूहातल्या सन्मानपत्राचा मूळपुरुष शोधायचा तर तो इथे सापडेल. किताब माणसाला दिला जातो, ओळीला नाही, हे इथेही खरेच आहे. फरक एवढाच की तो किताब एकदाच दिला गेला, सभेने कविता कानांनी ऐकल्यावर. रोज रात्री नऊला तो वाटला जात नव्हता.

दुसरी रीत दुरुस्तीची. उर्दूत तिला इस्लाह म्हणतात. शागीर्दाने गझल उस्तादाकडे पाठवायची, उस्तादाने शब्द बदलून, शेर कापून परत करायची. मिर्झा गालिब यांची पत्रे वाचताना या व्यवहाराची नीट कल्पना येते. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी टपालाचा एकच दर लागू झाला. त्यामुळे दूरच्या शागीर्दाची गझल दिल्लीत येणे आणि सुधारून परत जाणे स्वस्त झाले. त्या काळाचे हे 'ऑनलाइन'च म्हणायचे. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे गालिब यांचे लाडके शागीर्द. त्यांना लिहिलेल्या पत्रांत मायाही आहे आणि शब्दाशब्दावरची हुज्जतही. एकीने दुसरीला बाध आलेला नाही. उस्तादाला शेर पसंत पडला की त्यावर 'साद' या अरबी अक्षराची खूण करण्याची चाल होती. मराठी कानाला हा योगायोग गोड वाटतो : कवीची साद, आणि तिच्यावर उस्तादाने केलेली 'साद'. माझ्या मुद्द्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही खूण शेरावर होई. गझलेच्या माथ्यावर नाही आणि शागीर्दाच्या नावावरही नाही.

मराठीत दुरुस्तीची ही परंपरा दोन ठिकाणी ठळक दिसते. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी एकत्र जमत, चहा घेत आणि कविता वाचत. त्यांच्या चहाची आणि काव्यगायनाची तेव्हा यथेच्छ थट्टा झाली. परस्परांची पाठ थोपटणारी मंडळी, हा आक्षेप आज व्हॉट्सॲपवरच्या समूहांवर घेतला जातो तसाच तेव्हा त्यांच्यावर घेतला गेला. पण त्याच मंडळातल्या माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९२७ मध्ये आला, आणि १९३७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. आज एखादा तरुण मोबाइलवर गझल टाकतो आणि दुसरा त्याला 'तिसऱ्या शेरात एक मात्रा जास्त आहे' असे सांगतो, तेव्हा त्या दोघांच्या मागे हा ग्रंथ उभा असतो. नाव त्यांना माहीत असो वा नसो.

याच मंडळाला मिळालेला एक प्रतिसाद विसरता येत नाही. तो आचार्य अत्रे यांच्या 'झेंडूची फुले'चा. विडंबन करायचे तर मूळ कवितेची चाल, तिची आवडती विशेषणे, तिची लकब हे सगळे अंगात मुरवावे लागते. 'अप्रतिम' असे लिहायला कविता वाचावी लागतेच असे नाही. विडंबन करायला मात्र ती पाठ व्हावी लागते. त्या अर्थाने अत्रे हे रविकिरण मंडळाचे अतिशय बारकाईने वाचणारे वाचक होते.

दुसरे ठिकाण 'सत्यकथा'. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेली पत्रे, परत पाठवलेली हस्तलिखिते, समासातल्या खुणा यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या संपादनाविरुद्ध बंडही झाले, आणि त्या बंडातून अनियतकालिके उभी राहिली. बंड योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. साभार परत आलेल्या कवितेबरोबर चार ओळींचे पत्र आले की त्या कवीला निदान इतके कळे की कोणीतरी आपली कविता शेवटपर्यंत वाचली आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. तसे पत्र लिहिणारी माणसे नंतरही होती, पण ती विरळ झाली.

तिसरी रीत सर्वांत जुनी, आणि ती सर्वस्वी बायकांची. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवी गायली की दुसरी तिचा शब्द उचलून आपली ओवी गाई. एकीने माहेर म्हटले की दुसरीच्या ओवीत भाऊ येई; एकीने भाऊ म्हटले की दुसरीच्या ओवीत भावजय येई. इथे कोणी कोणाला 'छान' म्हणत नसे. ओवीला मिळणारा प्रतिसाद म्हणजे पुढची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संग्रहात त्या आता वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. त्या ऐकताना सतत जाणवते की एकटीने बसून रचलेल्या या रचना नव्हेत. प्रत्येकीच्या मागेपुढे दुसरीचा आवाज आहे.

तिन्ही रीती परस्परांपासून फार दूरच्या आहेत. दरबार आणि माजघर, उस्ताद आणि नणंद-भावजय. तरी त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. प्रतिसाद कवितेतल्या एका नेमक्या जागेला मिळतो. उठवला जातो तो एक मिसरा, खूण होते ती एका शेरावर, आणि उचलला जातो तो ओवीतला एक शब्द.

३

आता पुन्हा समूहाकडे येऊ. तिथे प्रतिसादाची कमतरता अजिबात नाही. उलट इतिहासात कोणत्याही हौशी कवीला इतका आणि इतक्या लवकर प्रतिसाद मिळाला नसेल. पण तो कशाला मिळतो, हे पाहायला हवे.

मी आमच्या समूहातले मागचे संदेश वहीत उतरवून काढले. संशोधनाचा मोठा आव त्यात नाही, तरी शिक्षकाची सवय जात नाही. एक गोष्ट पटकन ध्यानात आली. कवितेतली एखादी ओळ किंवा शब्द उद्धृत करून त्यावर काही म्हटले आहे असे प्रतिसाद शोधावेच लागतात. बाकीचे सगळे प्रतिसाद एका कवितेखालून उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. 'निःशब्द' हा शब्द पावसावरही चालतो आणि बळीराजावरही. बदलते ते फक्त संबोधन : ताई, दादा, सर, मॅडम. म्हणजे प्रतिसादातला कवितेशी जोडलेला भाग गळून पडला आहे आणि माणसाशी जोडलेला तेवढा उरला आहे. मग तो माणसालाच दिलेला आहे असे म्हणायला काय हरकत आहे?

आपल्या समाजाला हा व्यवहार अनोळखी नाही. लग्नातल्या आहेराची वही असते. त्यांनी आपल्याकडे काय केले होते, ते पाहून आपण त्यांच्याकडे करतो. समूहात वही नसते, पण हिशेब असतो. सकाळी ज्याने माझ्या चारोळीला फूल दिले त्याच्या अभंगाला दुपारी मी हात जोडले नाहीत, तर ते त्याच्या लक्षात राहते. एका सभासदाने मला मोकळेपणाने सांगितले, "सर, वाचून प्रतिक्रिया द्यायची तर दिवस जाईल. म्हणून आधी सगळ्यांना देऊन टाकतो, मग सावकाश वाचतो." हे ऐकून मला हसू आले नाही. मी स्वतः काय वेगळे केले होते?

यात यंत्राचाही वाटा आहे. व्हॉट्सॲप समूहाची मर्यादा २५६ सभासदांची होती. ती २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. त्याच वर्षी मे महिन्यापासून संदेशावर बोट दाबून धरले की चिन्हांची पट्टी उघडू लागली. त्याआधी निदान चार अक्षरे टाइप करावी लागत. साधन सोयीचे झाले, त्यात कोणाचा दोष काढायचा नाही. पण जिथे माणसे शेकड्यांनी आणि प्रतिसाद एका बोटाचा, तिथे ओळीपर्यंत पोहोचायला वेळ आणि निमित्त दोन्ही राहत नाहीत.

आणखी एक बदल मला याहून गंभीर वाटतो. मुशायऱ्यातला गप्पपणा सगळ्या शेरावर पडतो, तो कोणा एकाचा नसतो. समूहात गप्पपणाला चेहरा आहे. कोणी पाहिले आणि कोणी उत्तर दिले नाही, हे कळते. त्यामुळे गप्प राहणे हा प्रतिसाद उरला नाही. तो अपमान ठरतो. कवितेला 'नाही' म्हणण्याची सर्वांत सभ्य रीत अशी बाद झाल्यावर उरते ते फक्त 'हो'. आणि ज्याच्या समोर 'नाही' शक्य नाही, त्या 'हो'ने कवीला काही कळत नाही.

४

इथे वाचकांपैकी कोणी विचारेल, सगळीकडेच असे आहे का? नाही. गझलेचे समूह याला बऱ्याच अंशी अपवाद आहेत, आणि हा अपवाद शिकवणारा आहे.

गझलेच्या समूहात नवखा माणूस 'वाट', 'लाट', 'दाट' अशी यमके घेऊन पुढे 'नीट' आणतो. लगेच कोणीतरी लिहितो : अलामत भंगली. म्हणजे यमकाच्या अक्षराआधीचा स्वर 'आ' असा ठरला होता, तिथे 'ई' आला. नवखा रागावत नाही. तो शेर मागे घेतो, दुरुस्त करून पुन्हा टाकतो. याच माणसाला 'तुमची कविता नीट झाली नाही' असे कोणी सांगितले असते, तर तो समूह सोडून गेला असता. फरक कशाचा आहे? दोष दाखवायला दोघांच्या सामाईक मालकीचे शब्द आहेत. काफिया, रदीफ, अलामत, मतला, लघु-गुरू. दोष या शब्दांत सांगितला की तो ओळीचा राहतो, माणसाचा होत नाही. सुरेश भट यांनी नव्या गझलकारांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तिचे मोल मला इथे जाणवते. तिने गझल लिहायला शिकवली, हे आपण नेहमी म्हणतो. तिने एकमेकांची गझल न भांडता वाचायलाही शिकवली.

गझलेच्या समूहांत तरहीचीही चाल आहे. एक ओळ द्यायची आणि तिच्या जमिनीवर सगळ्यांनी गझल लिहायची. ही जात्यावरच्या जोडीची दूरची बहीण आहे. दुसऱ्याची ओळ घेऊन लिहायचे म्हणजे ती ओळ आतून वाचावीच लागते.

मात्र या अपवादालाही मर्यादा आहे, आणि ती चष्म्याच्या काडीच्या कडव्यात दिसते. नियमांची भाषा हाताशी असली की नियमापुरतेच बोलण्याची सवय लागते. अलामत सांभाळलेला निर्जीव शेर सहज पार होतो. 'नियमात बसवा' असे सांगणाऱ्या आमच्या सभासदानेही त्या कडव्यावर एक प्रकारची दुरुस्ती सुचवलीच होती. पण नियम म्हणजे कडव्याला बाहेर ठेवण्याची फळी, असे त्याला वाटले. ओळ नियमात नेण्यासाठी उस्ताद वाट काढून देतो, ती वाट त्याने दाखवली नाही. इस्लाहमध्ये उस्ताद 'बसत नाही' एवढेच म्हणून थांबत नसे. बसेल असा शब्द तो स्वतः लिहून देई.

मुक्तछंदाला तर असे सामाईक शब्दही नाहीत. प्रतिमा, लय, सूर, ताण हे आमचे वर्गातले शब्द. ते आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे कधी पोहोचवले नाहीत. कवितेविषयी बोलायची भाषा आम्ही अभ्यासकांनी आपल्यापाशी ठेवली आणि मग लोक नुसती फुले टाकतात म्हणून हसत बसलो. हा दोष हौशी कवींच्या पदरात टाकणे मला प्रामाणिक वाटत नाही.

५

या सगळ्या विवेचनावर एक आक्षेप आहे, आणि तो मला नाकारता येत नाही. ज्या बाईंचे कडवे मी वर दिले, त्यांनीच तो घेतला. मी चुकीची कबुली दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, एक सांगू? मी लिहिते हे माझ्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. समूहात पहिल्यांदा कविता टाकली आणि वीसजणांनी फुलं दिली, त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्ही त्या दिवशी चुका काढल्या असत्या, तर मी दुसरी कविता लिहिलीच नसती."

या बोलण्यापुढे समीक्षेने थोडे थांबावे. आपल्या भाषेत बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्या १९५१ मध्ये वारल्या. मुलाने, सोपानदेवांनी, कविता अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. हयातीत त्यांना वाचकाची दाद मिळाली नाही. असा मुलगा आणि असे अत्रे ज्यांना भेटले नाहीत, त्यांची गणती कशी करणार? साठीच्या बाईला, निवृत्त वाहकाला, दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहिणाऱ्याला 'तू लिहितोस हे आम्हाला दिसले' एवढे सांगणारे वीस लोक मिळणे ही साधी गोष्ट नाही. मराठी साहित्यसंस्थांना इतक्या वर्षांत ती जमली नव्हती. फुलांचे काम ते आहे. ते निष्फळ नाही.

माझे म्हणणे त्या पहिल्या रात्रीविषयी नाहीच. पुढच्या शेकडो रात्रींविषयी आहे. पहिले फूल माणसाला मिळाले, ठीक झाले. शंभरावे फूलही माणसालाच मिळाले, तर कवितेला काय मिळाले? त्या बाईंनी आपले सर्वांत चांगले कडवे स्वतःच्या हाताने खोडले, ते कोणी टीका केली म्हणून नव्हे. त्या कडव्याला आणि त्याच्या जागी आलेल्या कडव्याला आम्ही एकच भाव दिला म्हणून. दोन्हींना सारखीच फुले पडणार असतील तर नियमातले ठेवावे, हा त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. आमच्या कौतुकाने त्यांना लिहिते ठेवले, आणि त्याच कौतुकाने त्यांना आपली ओळ ओळखू दिली नाही.

असे असेल तर उपाय कौतुक कमी करण्याचा नाही. कौतुकाचा पत्ता बदलण्याचा आहे. मी समूहप्रमुखांशी बोललो. परीक्षकाची सही मी आता करत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस मागून घेतला आहे. त्या दिवशी विषय नसतो, निकाल नसतो. कोणीही एक जुनी कविता पुन्हा टाकतो आणि प्रतिसाद देणाऱ्याने तिच्यातली एकच ओळ उतरवून लिहायची. का आवडली ते सांगितले तर उत्तम, नाही सांगितले तरी चालेल. फक्त ओळ. आमच्या परीने ती 'साद'ची खूण आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्या ओळीतला एक शब्द उचलून आपल्या दोन ओळी पुढे जोडायच्या.

पहिले काही आठवडे फुलेच आली. सवय एकदम जात नाही. त्या दिवशी थोड्याच जणांनी लिहिले, आणि काहींनी 'सर, निकाल कधी?' असेही विचारले. मग हळूहळू ओळी येऊ लागल्या. गंमत अशी की दहाजणांनी एका कवितेतली ओळ निवडली, तर बरेचदा सहा-सात जण एकाच ओळीपाशी येऊन थांबतात. कोणी कोणाला विचारलेले नसते. म्हणजे दिसत सगळ्यांना होते. पाहायला कोणी सांगितले नव्हते.

बाईंच्या संग्रहासाठी मी चार शब्द लिहिले. त्यात थोरवी वगैरे काही लिहिले नाही. खोडलेले कडवे पुन्हा घ्यावे एवढी विनंती केली, आणि 'उरल्या दोऱ्याने माझी' ही दुरुस्ती पेन्सिलीने वहीच्या समासात लिहून दिली. त्यांनी ती वाचली, बोटांवर अक्षरे मोजली आणि मान हलवली.

"'उरल्या' नको, सर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं असं कुणी बोलत नाही. आई तर नाहीच. ओळ लांब राहिली तर राहू दे."

संग्रहात ओळ लांबच छापली आहे. माझ्या पेन्सिलीपेक्षा त्यांचा कान बरोबर होता.